भ्रमणध्वनीसाठी मुक्तस्रोत ब्राउझरांचा विकास : एक चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : मुक्तस्रोत, ब्राउझर इंजिन, भ्रमणध्वनी, परवाना, देवनागरी अक्षरजोडणी

प्रास्ताविक

संगणकविषयक मराठी लेखनात 'मुक्तस्रोत' हा शब्द बहुधा प्रशस्तिपत्रासारखा वापरला जातो. एखादी आज्ञावली मुक्तस्रोत आहे असे म्हटले की ती लोकांच्या मालकीची, लोकहिताची आणि मक्तेदारीच्या विरोधातली आहे, असे गृहीत धरून विवेचन पुढे सरकते. लिनक्स किंवा अपाचे यांच्या बाबतीत हे गृहीतक बऱ्याच अंशी खपून जाते. भ्रमणध्वनीवरील ब्राउझरांच्या बाबतीत मात्र ते टिकत नाही. आज जगातील बहुसंख्य मोबाइल फोनांवर ज्या दोन इंजिनांच्या आधारे संकेतस्थळे दिसतात ती दोन्ही, म्हणजे ॲपलचे वेबकिट आणि गूगलचे ब्लिंक, मुक्तस्रोत आहेत. त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही उतरवून घेता येते, वाचता येते, बदलता येते. असे असूनही मोबाइलवरील ब्राउझरांचे क्षेत्र या दोन कंपन्यांच्या हाती एकवटले आहे. हा विरोधाभास कसा निर्माण झाला आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

मुक्ततेचा विचार करताना तीन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. आज्ञावली पाहण्याचा व बदलण्याचा अधिकार कोणाला, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर परवाना देतो. सुचविलेला बदल मुख्य प्रकल्पात घ्यायचा की नाही हे कोण ठरवतो, हा दुसरा. आणि घेतलेला बदल वापरणाऱ्याच्या यंत्रापर्यंत कोण पोचवतो, हा तिसरा. टेबलावरच्या संगणकावर तिसरा प्रश्न फारसा जाणवत नाही, कारण वापरणारा स्वतःच नवा ब्राउझर उतरवून बसवू शकतो. मोबाइल फोन हा मात्र कारखान्यातूनच ब्राउझर पोटात घेऊन येतो. त्यामुळे संगणकाच्या काळात गौण असलेला हा तिसरा प्रश्न मोबाइलच्या काळात निर्णायक ठरला. मुक्तस्रोत चळवळीची परिभाषा पहिल्या प्रश्नाभोवती घडलेली असल्याने या बदलाची पुरेशी दखल तिने वेळेवर घेतली नाही, असे म्हणावे लागते.

इंजिनाची वंशावळ

ब्राउझर म्हणजे पडद्यावरची पत्त्याची पट्टी आणि चार बटणे, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक पानाची रचना करणारा, अक्षरे मांडणारा आणि जावास्क्रिप्ट चालवणारा जो भाग पडद्यामागे असतो, त्याला इंजिन म्हणतात व ब्राउझरचे खरे मर्म तेथे असते. मोबाइलवरील आजच्या दोन्ही प्रमुख इंजिनांचे मूळ एकच आहे. केडीई या जर्मनीत १९९६ साली सुरू झालेल्या मुक्तस्रोत प्रकल्पात लार्स नॉल आदी विकासकांनी केएचटीएमएल नावाचे इंजिन तयार केले. ते २००० साली कॉन्करर या ब्राउझरमधून लोकांपुढे आले. त्यामागे कोणतीही मोठी कंपनी नव्हती.

जानेवारी २००३ मध्ये ॲपलने सफारी हा ब्राउझर जाहीर केला तेव्हा त्याच्या मुळाशी केएचटीएमएल असल्याचे उघड झाले. सफारीच्या चमूचे प्रमुख डॉन मेल्टन यांनी केडीईच्या विकासकांना पत्र पाठवून या निवडीची कारणे कळविली. आज्ञावली १,४०,००० ओळींहून कमी आहे, हे त्यांतील एक कारण होते. आटोपशीरपणा हा गुण पुढे मोबाइलसाठी किती मोलाचा ठरणार होता, याची कल्पना तेव्हा कोणालाच नसावी. केएचटीएमएलचा परवाना एलजीपीएल असल्याने केलेले बदल प्रसिद्ध करणे ॲपलला बंधनकारक होते आणि ॲपलने ते केलेही. परंतु हे बदल एकत्रित गठ्ठ्यांच्या स्वरूपात येत. कोणता बदल कोणत्या दोषासाठी, कोणत्या क्रमाने व का केला, हे त्यावरून समजत नसे. केडीईच्या स्वयंसेवकांना ते आपल्या शाखेत उतरविणे अशक्यप्राय झाले आणि २००५ च्या एप्रिलमध्ये ही नाराजी जाहीरपणे व्यक्त झाली. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने वेबकिटचा संपूर्ण इतिहास व दोषनोंदवही सर्वांसाठी खुली केली.

हा प्रसंग बहुधा मुक्तस्रोताच्या विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू अशी की परवान्याने आज्ञावली मिळवून दिली, संवाद मिळवून दिला नाही. आणि संवाद मिळाला तोवर प्रकल्पाचे केंद्र केडीईकडून कॅलिफोर्नियाकडे सरकले होते. मूळ केएचटीएमएल हळूहळू क्षीण होत गेले आणि २०२४ साली आलेल्या केडीई फ्रेमवर्क्सच्या सहाव्या आवृत्तीत त्याला स्थान उरले नाही. वंश वाढला, मूळ घर ओस पडले.

मोबाइलवर वेबकिट आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न नोकियाने केला. एस-६० मालिकेतील फोनांसाठी तयार केलेल्या आपल्या ब्राउझरची आज्ञावली नोकियाने मे २००६ मध्ये बीएसडी परवान्याखाली खुली केली. संपूर्ण पान लहान करून नकाशासारखे दाखवायचे आणि वाचकाने त्यावर फिरायचे, ही कल्पना या ब्राउझरने आयफोनच्या आधीच राबविली होती. तथापि नोकियाची शाखा मुख्य वेबकिटपासून वेगळी वाढत राहिली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने विंडोज फोनची कास धरल्यावर ती निराधार झाली. आज्ञावली खुली होती. ती पुढे चालविण्यात स्वारस्य असलेले कोणी उरले नव्हते.

२००७ साली आयफोन व २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. दोहोंतही वेबकिट होते. दोन प्रतिस्पर्धी एकाच मुक्त इंजिनावर उभे आहेत, हे दृश्य मोठे आशादायक होते. त्याचे दुष्परिणाम चारच वर्षांत दिसू लागले. सीएसएसमधील प्रायोगिक गुणधर्मांना त्या काळी इंजिनाच्या नावाचा उपसर्ग लावण्याची रीत होती. मोबाइलसाठी संकेतस्थळे रचणाऱ्यांनी केवळ 'वेबकिट' हा उपसर्ग लावून काम भागविण्यास सुरुवात केली, त्यामुळे इतर ब्राउझरांत तीच पाने विस्कटलेली दिसत. फेब्रुवारी २०१२ मध्ये सीएसएस कार्यगटाचे सहअध्यक्ष डॅनिएल ग्लाझमन यांनी या प्रवृत्तीविरुद्ध जाहीर आवाहन केले. परंतु त्याच वर्षी ऑपेराने व पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये फायरफॉक्सने आपल्या ४९ व्या आवृत्तीत परक्याचा उपसर्ग मान्य केला. प्रमाणके ठरविण्याचा अधिकार कागदोपत्री समितीकडे आणि व्यवहारात प्रबळ इंजिनाकडे, अशी ही स्थिती होय. प्रबळ इंजिन मुक्तस्रोत असल्याने तिच्यात काही फरक पडला नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑपेराने आपले स्वतःचे इंजिन सोडले. ३ एप्रिल २०१३ रोजी गूगलने वेबकिटपासून फारकत घेऊन ब्लिंक ही शाखा जाहीर केली. आपल्याला नको असलेल्या ७,००० हून अधिक फाइली, म्हणजे ४५ लाखांहून अधिक ओळी, काढून टाकता येतील, असे कारण तेव्हा देण्यात आले. केएचटीएमएलच्या १,४०,००० ओळींशी या आकड्याची तुलना केली असता दहा वर्षांत काय घडले ते स्पष्ट होते. फाटा फोडण्याचा अधिकार सर्वांना समान असतो, असे मुक्तस्रोताचे तत्त्व सांगते. एवढा पसारा सांभाळून फाटा फोडण्याची ऐपत मात्र गूगलसारख्या मोजक्यांनाच असते.

मोझिलाची वाट

कोणत्याही फोननिर्मात्या कंपनीच्या आश्रयाशिवाय मोबाइलसाठी स्वतंत्र इंजिन टिकविण्याचा प्रयत्न मोझिलाने केला, म्हणून त्याचे मूल्यमापन अधिक बारकाईने व्हायला हवे. मिनिमो हा तिचा पहिला प्रयोग २००७ मध्ये थांबला. त्यानंतर आलेल्या प्रकल्पास वाळवंटी प्रदेशातील एका लहान खोकडावरून फेनेक असे नाव दिले गेले आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती जानेवारी २०१० मध्ये नोकियाच्या एन-९०० या फोनसाठी आली. अँड्रॉइडवर फायरफॉक्स पोचले ते मार्च २०११ मध्ये.

तोवर दोन चुका घडून गेल्या होत्या. पहिली चूक रचनेची. संगणकावरील फायरफॉक्सची बटणे, याद्या इत्यादी दर्शनी भाग ज्या एक्सयूएल पद्धतीने घडविला जात असे, तीच पद्धत मोबाइलवर नेण्यात आली. परिणामी ब्राउझर उघडण्यास वेळ लागे आणि स्मरणशक्ती फार खर्च होई. जून २०१२ मधील १४ व्या आवृत्तीत अँड्रॉइडची स्वतःची घडण स्वीकारून हा दर्शनी भाग नव्याने लिहावा लागला. दुसरी चूक अधिक गंभीर म्हणावी लागेल. सुरुवातीचे फायरफॉक्स एआरएमव्ही-७ जातीच्या प्रक्रियकावरच चालत असे. स्वस्त फोनांतील एआरएमव्ही-६ प्रक्रियकासाठी ते नोव्हेंबर २०१२ पर्यंत उपलब्ध नव्हते आणि तेव्हाही ५१२ एमबी स्मरणशक्तीची अट होतीच. 'महाजाल सर्वांसाठी' हे ज्या संस्थेचे ब्रीद, तिचा ब्राउझर भारतातील सामान्य ग्राहकाच्या फोनवर त्या निर्णायक दीड वर्षात बसतच नव्हता. सवयी त्याच काळात जडल्या.

फायरफॉक्स ओएस हा या चुकीच्या परिमार्जनाचा प्रयत्न होता. ब्राउझर फोनमध्ये बसत नसेल तर ब्राउझरचाच फोन करावा, अशी ती धाडसी कल्पना. २०११ मध्ये काम सुरू झाले, २०१३ मध्ये स्पेनमध्ये पहिले फोन विकले गेले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स कंपनीने १,९९९ रुपयांचा क्लाउड एफएक्स भारतात आणला. त्यात १२८ एमबी स्मरणशक्ती होती. एवढ्याशा जागेत आधुनिक संकेतस्थळ चालविणे म्हणजे एसटीच्या एका बाकावर अख्खे वऱ्हाड बसविण्यासारखे होते. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने मोबाइल कंपन्यांमार्फत हे फोन विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

या प्रकल्पाचा उत्तरार्ध अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. फायरफॉक्स ओएसच्या खुल्या आज्ञावलीतून कायओएस ही प्रणाली निघाली आणि २०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये तीच होती. ग्रामीण महाराष्ट्रासह देशभरातील कोट्यवधी लोकांनी महाजालाचा पहिला अनुभव घेतला तो मोझिलाच्या गेको इंजिनावर, आणि त्यांपैकी बहुतेकांनी मोझिलाचे नावही ऐकले नसेल. हे मुक्तस्रोताचे यश मानावे काय? अंशतः होय. परंतु या फोनातील गेको हे २०१६ सालचे, म्हणजे ४८ व्या आवृत्तीचे होते. फायरफॉक्सच्या पुढील आवृत्त्यांमधील सुरक्षाविषयक सुधारणा या मार्गाने फोनपर्यंत आपोआप येत नव्हत्या. मोझिलाचा परवाना ज्या फाइली बदलल्या त्यांची आज्ञावली खुली ठेवायला सांगतो. आवृत्ती ताजी ठेवायला सांगत नाही, सांगूही शकत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने अँड्रॉइडवरील फायरफॉक्स पुन्हा एकदा नव्याने बांधून दिले. गेकोव्ह्यू या सुट्या केलेल्या इंजिनावर ते उभे होते व वेगवान होते. मात्र जुन्या आवृत्तीत चालणारी असंख्य विस्तारके एका रात्रीत हातावर मोजण्याइतकी उरली आणि ती वाट पूर्ण खुली व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. याच ऑगस्टमध्ये संस्थेने सुमारे २५० जणांना कमी केले आणि सर्व्हो या प्रायोगिक इंजिनाचा चमू विखुरला. मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा गूगलच्या शोधयंत्राला पहिले स्थान देण्याच्या करारातून येतो, हे सर्वश्रुत आहे. ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याच पैशावर चालणारी स्पर्धा कितपत मोकळी असू शकते, याचे उत्तर संस्थेच्या हेतूंत शोधण्यापेक्षा तिच्या ताळेबंदात शोधणे योग्य.

देवनागरीची कसोटी

येथवरचे विवेचन मराठीच्या अध्यापकास दूरचे वाटण्याचा संभव आहे. वास्तविक इंजिनाच्या पोटात काय आहे, यावर मराठी मजकूर वाचता येणार की नाही हे अवलंबून असते. यूनिकोडमध्ये 'कि' हे अक्षर साठविताना आधी 'क' व मग वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. रफार मागून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. जोडाक्षरासाठी फाँटमधील वेगळी आकृती निवडावी लागते. मराठीला तर याहून सूक्ष्म विवेक लागतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत एका रफाराचा फरक असला तरी एकीकडे गुरुजन आहेत व दुसरीकडे स्वयंपाकी. अक्षरजोडणी करणारी आज्ञावली हा फरक जाणत नसेल तर अर्थाचा अनर्थ अटळ.

अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या अनेक फोनांत ही जोडणी नव्हती. मराठी संकेतस्थळ उघडले की चौकटींच्या रांगा दिसत किंवा पाय मोडलेली अक्षरे सुटी पडलेली दिसत. अँड्रॉइड मुक्तस्रोत होते, त्यातील ब्राउझर मुक्तस्रोत होता. मराठी वाचकाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्याच काळात मराठी वाचकाच्या हाकेला धावला तो ऑपेरा मिनी, ज्याची आज्ञावली पूर्णतः बंद होती. पत्त्याच्या जागी विशिष्ट शब्द टंकून आतील मांडणीचे पान उघडायचे आणि गुंतागुंतीच्या लिपींसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय निवडायचा, ही युक्ती त्या दशकाच्या अखेरीस महाविद्यालयीन तरुणांत तोंडोतोंडी पसरली होती. ऑपेराचा दूरचा संगणक मजकुराची चित्रे करून पाठवी आणि दोन-तीन हजारांच्या साध्या फोनवरही मराठी वर्तमानपत्र वाचता येई.

या सोयीची किंमतही नोंदविली पाहिजे. अक्षर चित्र झाल्यावर ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही, मजकुरात शब्द शोधता येत नाही, डेटा अधिक खर्च होतो. शिवाय वाचकाचे प्रत्येक पान कंपनीच्या संगणकावरून जात असल्याने खासगीपणाचा प्रश्न उरतोच. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या काळी मुक्तस्रोत ब्राउझर मराठीच्या बाबतीत मुके होते त्या काळी एका बंद ब्राउझरने मराठीला वाचा दिली. मुक्तस्रोताचा पुरस्कार करणाऱ्या लेखनात हा तपशील आढळत नाही, ही त्या लेखनाची उणीव होय.

पुढे चित्र पालटले ते कोणत्याही एका ब्राउझरमुळे नव्हे. फ्रीटाइप या प्रकल्पातील अक्षरजोडणीची जुनी आज्ञावली पँगो आणि क्यूटी या दोन मुक्तस्रोत प्रकल्पांत स्वतंत्रपणे वाढत होती. ती एकत्र आणण्याच्या खटपटीतून हार्फबझ हा प्रकल्प निघाला. बेहदाद एस्फाहबोद यांनी तो पुढे मुळापासून नव्याने लिहिला. हार्फबझ हे नाव 'ओपनटाइप' या संज्ञेचे फारसी रूपांतर आहे. त्यातील 'हर्फ' म्हणजे अक्षर. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस या सर्वांत देवनागरीची जोडणी हार्फबझ करते. संकेतस्थळाने आपली भाषा मराठी असल्याचे जाहीर केले आणि फाँटमध्ये सोय असली, तर 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणाची रूपेही मिळू शकतात. परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्या एका लहानशा सामायिक भागावर एकत्र काम करतात, कारण तेथे कोणाचाही बाजार बुडत नाही. मोबाइलवरील मुक्तस्रोताचे खरे श्रेय या सुट्या भागांना द्यावयास हवे. संपूर्ण ब्राउझर मुक्त ठेवण्याची लढाई बव्हंशी हरली गेली आणि अक्षराची लढाई, फारशी कोणाच्या लक्षात न येता, जिंकली गेली.

दाराशी बसलेले

वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण जानेवारी २०१५ मधील आहे. अँड्रॉइड ४.३ व त्याआधीच्या आवृत्त्यांतील वेबव्ह्यू, म्हणजे इतर उपयोजनांना पाने दाखवून देणारा ब्राउझरचा अंश, सुरक्षादोषांसाठी आपण यापुढे दुरुस्त करणार नाही, ही गूगलची भूमिका तेव्हा उघड झाली. त्या वेळी वापरातील बहुसंख्य अँड्रॉइड फोन याच आवृत्त्यांवर होते. आज्ञावली खुली असल्याने दुरुस्ती कोणीही लिहू शकत होता. लिहिलेली दुरुस्ती फोनात घालण्याचा अधिकार मात्र फोननिर्मात्याकडे होता आणि जुन्या फोनसाठी तो कष्ट घेण्याचे त्याला कारण नव्हते. २०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ५.० पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरमधून अद्ययावत होऊ लागले. दोष मिटला, पण तो भाग गूगलच्या दुकानाच्या अधिक अधीन झाला. सुरक्षितता आणि स्वायत्तता यांची अशी अदलाबदल मोबाइलच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

ॲपलचा मार्ग अधिक सरळ आहे. आयफोनवरील प्रत्येक ब्राउझरने वेबकिटच वापरावे असा नियमच असल्याने २०१५ साली आयफोनवर आलेले फायरफॉक्स आतून सफारीचेच भावंड होते. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथे अन्य इंजिनांना परवानगी मिळाली. परवानगीनंतरच्या पहिल्या वर्षात मोझिला वा गूगल यांपैकी कोणीही स्वतःच्या इंजिनाचा ब्राउझर तेथे आणला नाही. केवळ युरोपसाठी वेगळा ब्राउझर सांभाळणे परवडणारे नाही, अशी मोझिलाची तक्रार होती. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा प्ले स्टोअरमधील वर्चस्वाच्या बळावर ब्राउझरच्या बाजारात क्रोमचे स्थान राखले जाते, हाही निष्कर्षांपैकी एक होता. अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. या दोन्ही प्रकरणांत वादाचा विषय परवाना नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. क्रोमचा पाया असलेले क्रोमियम संपूर्ण खुले असूनही आयोगाला हस्तक्षेप करावासा वाटला.

व्यक्तिगत पातळीवर हे दार ओलांडण्याचे प्रयत्नही झाले. क्रोमियमवर आधारित किवी हा मुक्तस्रोत ब्राउझर अँड्रॉइडवर विस्तारके चालवू देई. क्रोमने ती सोय मोबाइलवर दिली नव्हती. किवीचा भार मुख्यतः एका विकासकावर होता आणि जानेवारी २०२५ मध्ये तो बंद झाला. क्रोमियमची नवी आवृत्ती २०२१ च्या सप्टेंबरपासून चार आठवड्यांना येऊ लागली. तेवढ्या गतीने आपली शाखा जुळवून घेत राहणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही, आणि जुळवून न घेतल्यास वापरणाऱ्याची सुरक्षितता धोक्यात येते.

भारतीय ब्राउझर आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळा

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझर विकसित करण्याची स्पर्धा जाहीर केली. एकूण तरतूद ३.४१ कोटी रुपयांची होती. मार्च २०२५ मध्ये निकाल लागून १ कोटीचे पहिले पारितोषिक झोहोच्या चमूस मिळाले. भारतीय भाषांची सोय आणि देशी प्रमाणपत्र यंत्रणेवर विश्वास या अपेक्षा रास्त होत्या. परंतु झोहोचा उला हा ब्राउझरही क्रोमियमवर उभा आहे. त्यात गैर काही नाही. जगातील बहुतेक नवे ब्राउझर तसेच आहेत. मात्र त्यास स्वावलंबन म्हणताना थोडी सावधगिरी हवी. प्रमाणपत्रांची यादी आपली, दर्शनी भाग आपला आणि मर्मस्थान परक्याचे, अशी ही विभागणी आहे.

हीच विभागणी महाविद्यालयांतील प्रकल्पांत लहान प्रमाणावर दिसते. संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'मोबाइल ब्राउझरची निर्मिती' हा विषय विद्यार्थी आवडीने घेतात. अशा प्रकल्पांत पुष्कळदा अँड्रॉइडचे वेबव्ह्यू घेऊन त्यावर पत्त्याची पट्टी व मागे-पुढे जाण्याची बटणे बसविलेली असतात. उपयोजन घडविण्याचा सराव म्हणून त्यास मोल आहे, परंतु ब्राउझरविषयीचे ज्ञान त्यातून मिळते असे म्हणता येत नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. अँड्रॉइडसाठी क्रोमियम बांधायचे तर लिनक्स असलेला संगणक, किमान ८ जीबी स्मरणशक्ती (१६ हून अधिक असल्यास उत्तम) आणि १०० जीबी मोकळी जागा हवी, असे प्रकल्पाचीच कागदपत्रे सांगतात. विंडोजवर ते काम होत नाही. किती महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा ही अट पुरी करतील? अभ्यासण्याचे स्वातंत्र्य परवान्यात असते आणि अभ्यासण्याची साधने अनुदानात असावी लागतात.

येथे फायरफॉक्सची एक सोय अध्यापकांनी पारखून पाहण्याजोगी आहे. इंजिनाचा आधीच बांधलेला भाग तयार उतरवून घेऊन केवळ अँड्रॉइडचा दर्शनी भाग स्वतः बांधण्याची पद्धत मोझिलाने ठेवली आहे. साधारण कुवतीच्या संगणकावरही त्यामुळे खऱ्याखुऱ्या ब्राउझरच्या दोषनोंदी घेऊन काम करता येते. त्याहून हलके, पण मराठीच्या दृष्टीने अधिक निकडीचे काम चाचण्यांचे आहे. सर्व प्रमुख इंजिने 'वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स' या सामायिक व मुक्त संग्रहातील चाचण्या चालवितात. त्यात भर घालण्यास शंभर जीबी जागा लागत नाही. भाषेची जाण लागते. उदाहरणार्थ, 'क्ष' हे जोडाक्षर कर्सर हलविताना एक मानावे की दोन, याबाबतचा यूनिकोडचा नियम सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत बदलला. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करताना 'क्षणा'तला 'क्ष' अखंड राहतो काय, अक्षरांमधील अंतर वाढविल्यास जोडाक्षर फुटते काय, हे प्रत्येक फोनवर तपासावे लागेल. 'ॲ' हे अक्षर २००८ साली यूनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या मजकुरात ते 'अ' आणि चंद्र अशा जोडीने लिहिलेले आहे आणि यूनिकोड या दोन लेखनांना समतुल्य मानत नाही. पानात 'ॲप' शोधल्यावर दोन्ही प्रकारचे लेखन सापडते काय? 'ऱ्या' लिहिण्याच्या दोन रीतींचेही तेच. या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी संगणकशास्त्र आणि मराठी या दोन विभागांना एका टेबलाशी बसावे लागेल, आणि बहुविद्याशाखीय म्हणविणाऱ्या उपक्रमांना याहून सोपा विषय सहसा मिळत नाही.